खालची ओळ

कागद कारखान्याच्या वीजघरात तिला सगळे चिमटी म्हणत. बोटं लांब आणि बारीक. पॅनलच्या आत जिथे दुसऱ्याचा हात शिरत नसे, तिथून ती पडलेला स्क्रू अलगद उचलून आणायची. हे नाव तिच्या नवऱ्यानेच ठेवलं होतं, लग्नाच्याही आधी, ती शिकाऊ वायरमन म्हणून आली तेव्हा. त्यालाही कुणी नावाने हाक मारत नसे. तो मास्तर. खात्यात आलेल्या प्रत्येकाला तार सोलायला, लग दाबायला, मीटर धरायला त्यानेच शिकवलेलं. कारखान्यात ती त्याला चारचौघांसारखं ‘तुम्ही’ म्हणायची आणि फाटकाबाहेर पडल्यावर ‘तू’. फाटक ओलांडून चार पावलं जाईपर्यंत दोघं गप्पच असायची, म्हणजे घोटाळा नको.

जनित्राची एक गंमत आहे. दुसऱ्यांना वीज द्यायची तर आधी त्याला स्वतःला थोडी वीज पाजावी लागते. किती पाजायची, कधी थांबायचं, धोका दिसला तर क्षणात कशी तोडायची, हे सगळं एक्सायटेशन पॅनल नावाचं एक उंच कपाट ठरवतं. त्या कपाटाच्या पोटात एक पाटी असते. वरच्या बाजूला रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, बसवलेले, खाली टर्मिनलच्या, म्हणजे तारा आवळायच्या स्क्रूंच्या, ओळी. रिले टक् करून ओढला गेला की त्याचा कॉन्टॅक्ट मिटतो आणि एका ओळीतली तार दुसऱ्या ओळीतल्या तारेला मिळते. अर्थात तारा स्क्रूखाली नीट आवळलेल्या असल्या तर. नसल्या तर एवढं मोठं धूड नुसतं गरगर फिरत राहतं आणि साधा दिवाही लागत नाही.

वीजघरातल्या पॅनलची ती पाटी उष्णतेने करपून तपकिरी झाली होती. स्क्रू फिरवला की कडेचे टवके उडायचे. नवीन पाटी मागवली, ती आली, आणि ती कुणी बसवायची हा प्रश्न मोठ्या साहेबांनी कॅन्टीनमध्ये, चहा पिता पिता, सगळ्यांच्या देखत सोडवला.

“चिमटी बसवेल. तिचं काम मास्तरांपेक्षा साफ असतं. काय मास्तर, राग आला का?”

“राग कसला साहेब. माझीच चेली आहे.”

“आणि नीट चालू करून दिलंस,” साहेब तिला म्हणाले, “तर पॅनलचा कारभार तुझ्याकडेच देतो. मास्तरांनाही जरा आराम.”

सगळे हसले, मास्तरही हसला. त्याने बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला आणि शांतपणे पिऊन टाकला.

त्या संध्याकाळी घरी जेवताना सासूबाई मुलाच्या ताटाकडे बघत राहिल्या. म्हातारी डोळ्याने अधू नव्हती आणि तोंडाने तर मुळीच नाही.

“आज मीठ दुप्पट पडलंय,” त्या म्हणाल्या. “आणि तू मुकाट खातोयस. तब्येत बरी आहे ना?”

“चांगलं झालंय,” मास्तर म्हणाला.

“ऐक,” सासूबाई सुनेला म्हणाल्या, “हा चांगलं म्हणाला. तारीख लिहून ठेव.”

चिमटी हसली. तिच्या डोक्यात पाटी होती. जुन्या प्रत्येक तारेला चिठ्ठी लावायची, पुन्हा एकदा तपासायची, मग सोडायची. नवीन टोक कापायचं, सोलायचं, तारेवर तिच्या नंबराची नळी सरकवायची, लग दाबायचं, स्क्रूखाली घालायचं, आवळायचं, आणि शेवटी तार ओढून बघायची. लग म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची चपटी टोपी. मास्तर शिकवताना म्हणायचा, उघडी तार म्हणजे अनवाणी माणूस, कधी घसरेल सांगता येत नाही. ती एकही तार अनवाणी ठेवत नसे.

काम आठवडाभर चाललं. रोज संध्याकाळी मास्तर पॅनलपाशी येऊन उकिडवा बसायचा, विजेरी मारून एकेक ओळ बघायचा. चूक सापडावी म्हणून तो बघतोय हे तिला कळत होतं आणि त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं, गुरूने बघावंच. शेवटच्या दिवशी त्याने प्रत्येक तार स्वतः ओढून पाहिली. एकही हलली नाही. उठताना त्याने गुडघ्यावर हात टेकला आणि म्हणाला, “बरं केलंयस.” तिला ते शब्द इतके गोड लागले की घरी जाताना फाटकाच्या आतच तिने त्याला ‘तू’ म्हटलं.

मशीन चालू करायच्या दिवशी सकाळी ती अंघोळीला निघाली तेव्हा मास्तर दारात बूट घालत होता.

“चष्मा राहिलाय तिकडे. मी पुढे होतो, तू ये.”

ती वीजघरात पोचली तेव्हा पॅनलसमोर गर्दी होती. मोठे साहेब होते, त्यांच्याबरोबर मुख्य कार्यालयातून आलेले दोन पाहुणे होते, कागदाच्या खात्यातले लोक काम सोडून बघायला आले होते. कंट्रोल टेबलावर घुबड बसला होता. या ऑपरेटरचे डोळे मोठे, वाटोळे. काट्यांकडे बघताना तो पापणी लववत नसे, म्हणून घुबड.

टर्बाइनने वेग घेतला. घुबडाने मान हलवली. चिमटीने बटण दाबलं, रिले टक् झाला, आणि व्होल्टेजचा काटा जिथे होता तिथेच राहिला.

तिने पुन्हा दाबलं. टक्. काटा जरासा उचलला, थरथरला, खाली पडला. वरचा लाल दिवा लागला.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“बघते साहेब.”

ती मीटर घेऊन पाटीपुढे बसली. मीटरचं टोक ज्या तारेवर टेकवावं ती ठणठणीत असल्याचं मीटर शिट्टी देऊन सांगायचा. पुन्हा चालू केलं की पुन्हा तेच. मागे कुणीतरी म्हणालं, “चिमटीने चिमटा काढला.” कुणीतरी खिदळलं. पाहुणे घड्याळ बघू लागले. तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी पुसायला हात मोकळा नव्हता. मास्तर तिच्या पाठीशीच उभा होता. अधूनमधून वाकून तो हळूच म्हणायचा, “सावकाश. घाबरू नकोस. कुणाच्याही हातून होतं.” त्याच्या त्या आवाजाने तिला रडू येत होतं.

शेवटी साहेब म्हणाले, “बास. मास्तर, तुम्ही बघा.”

ती उठली, तिच्या जागी मास्तर बसला. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. वरच्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं, एका तारेवर थांबला, नंबराची नळी मागे सरकवली आणि दोन बोटांनी तार स्क्रूखालून सहज बाहेर काढली. मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तशी ती त्याने सगळ्यांना दाखवली.

“हे बघा. सोललेलंच नाही नीट. स्क्रू वरच्या प्लास्टिकवर आवळलाय. मीटर टेकवला की तार दबते, शिट्टी वाजते. हात काढला की सुटते.” मग तो तिच्याकडे वळला, आवाज आणखी मऊ केला. “पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं ना गं हे?”

आता मात्र सगळेच हसले. पाहुणेही. साहेब हसले नाहीत, ते वाईट होतं.

मास्तरने तार कापून सोलली, लग दाबलं, स्क्रू आवळला. मशीन चालू झालं, काटा सरळ वर चढून जागेवर उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “हिला काही दिवस दिव्यांवर घ्या.” दिव्यांवर म्हणजे शिडी घेऊन साऱ्या कारखान्यात फिरायचं, गेलेले दिवे काढायचे, नवे बसवायचे. शिकाऊ म्हणून आली तेव्हाही तिला ते काम दिलं नव्हतं.

त्या दिवशी घरी मास्तरने स्वतः चहा केला. तिच्या हातात कप दिला, पाय वर घेऊन बस म्हणाला. “मी आहे ना,” असंही म्हणाला. तो इतका प्रेमळ लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातही नव्हता. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि तो तिला थोपटत राहिला.

सासूबाई पलीकडे कपड्यांच्या घड्या करत होत्या. म्हणाल्या, “काय रे, सकाळी चष्मा सापडला का?”

“हो. तिकडेच होता.”

“मग निघताना फ्रिजवरून उचलून खिशात घातलास तो कुणाचा?”

“तो जुना.”

सासूबाई पुन्हा घड्या करू लागल्या. जुना चष्मा मास्तरने गेल्याच वर्षी बसताना चिरडून मोडला होता, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

चिमटीला सगळं एकदम कळलं असं नाही. कळायला काही दिवस गेले. शिडीवर उभं राहून दिवा फिरवताना माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. तिच्या डोळ्यांपुढे ती तार पुन्हा पुन्हा यायची, मास्तरच्या दोन बोटांत लोंबणारी. आणि एके दुपारी तिला दिसलं की त्या तारेला लग नव्हतं. चुकून वाईट दाबलेलं नव्हे, मुळात नव्हतंच. टोक तिरपं कापलेलं होतं. ती टोकं सरळ कापायची, कात्रीने. तिरपं कापायची सवय एकाच माणसाला होती, त्याच्या खिशातल्या चाकूमुळे.

ती शिडीवरून उतरली आणि थेट घुबडाकडे गेली. घुबड टेबलावर एकटाच होता.

“त्या दिवशी सकाळी पॅनल कुणी उघडलं होतं?”

घुबडाने काट्यावरून नजर काढली नाही. “कुठल्या दिवशी?”

“तुला माहीत आहे कुठल्या.”

“मास्तर आले होते. शेवटची नजर टाकतो म्हणाले.” त्याने काट्याच्या काचेवर टिचकी मारली. “चाकू होता हातात.”

“आणि तू तिथे बसून मजा बघितलीस? मी घामाने भिजले होते.”

“अगं, नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडायचं? आज भांडाल, उद्या एक व्हाल, मी मात्र दोघांना वाईट.” मग जरा हसून तो म्हणाला, “खरं सांगू? आम्हाला वाटलं, तुला कळलंच असेल. तू जातिवंत कारागीर. म्हटलं, गिळलं असेल हिने.”

‘आम्हाला’ म्हणाला तो. म्हणजे एकटा घुबड नव्हता. तिने मोठ्या साहेबांकडे जायचं ठरवलं आणि गेलीही. साहेबांनी ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं.

“पुरावा?”

“घुबडाने पाहिलंय.”

साहेबांनी घुबडाला बोलावलं. घुबड म्हणाला, त्याला काही आठवत नाही.

“हे बघ,” साहेब म्हणाले, “घरचं भांडण घरी. आणि एक सांगतो, चूक झाली ती झाली, पण ती नवऱ्यावर ढकलणं मला आवडलं नाही.”

ती संतापूनच बाहेर आली. पण शिडी उचलून कागदाच्या खात्याकडे जाईपर्यंत संताप उतरला आणि त्याजागी काहीतरी थंड, व्यवस्थित बसलं. मास्तरशी भांडायचं नाही. भांडण झालं की तो रडेल, माफी मागेल, आणि मग माफ करणं तिच्याच गळ्यात पडेल. तिला ते नको होतं. बारा गावचं पाणी प्यालेला हा माणूस घाबरतो कशाला, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आपण चुकलो आणि ते दुसऱ्याला दिसलं, या एकाच गोष्टीला.

सुरुवात तिने अगदी लहान केली. संध्याकाळी चालत घरी येताना सहज विचारलं, “पॅनलचं मागचं दार तू उघडं ठेवलंस का मुद्दाम?”

“मी? नाही. का?”

“काही नाही. मी लावून घेतलं.”

दार बंदच होतं. मास्तर पुढचा रस्ताभर मागे वळून बघत राहिला. दोन दिवसांनी तिने विचारलं, गॅस चालू ठेवून गेला होतास का? मग म्हणाली, नळ वाहत होता. मग, आज पुन्हा घराचं दार नुसतं ओढलेलं होतं, कुलूप नव्हतं. प्रत्येक वेळी ती हे हळू, काळजीने सांगायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. “सावकाश,” ती म्हणायची. “कुणाच्याही हातून होतं.” या सगळ्यात तिने एक स्क्रू हलवला नाही की एक नळ सोडला नाही. नुसतं बोलायची.

तो आता दाराला कुलूप लावून जिना उतरायचा आणि पुन्हा वर चढायचा. हिसडा देऊन बघायचा, खाली यायचा, कोपऱ्यावर थांबायचा. कारखान्यात पॅनल बंद केल्यावर घुबडाला बोलावून विचारायचा, “बंद आहे ना?” घुबड हो म्हणायचा तरी कडीवर हात ठेवून उभा राहायचा. मशीन थांबलेलं असेल तेव्हा पाटीवरचे सगळे स्क्रू तो पुन्हा आवळायचा, काल आवळलेले, परवा आवळलेले. पितळी स्क्रू किती दिवस सोसणार? खाचा झिजल्या, एकाचं डोकंच तुटून हातात आलं. खात्यात विनोद सुरू झाला: मास्तर सगळ्यांचे स्क्रू आवळतो, स्वतःचा ढिला झालाय. तो विनोद चिमटीने शिडीवरून ऐकला आणि मनापासून हसली.

सासूबाईंनी तिला एका दुपारी गाठलं. सुट्टीचा दिवस होता, मास्तर खाली फेऱ्या मारत होता.

“काल घराला कुलूप मी लावलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या हाताने. तू त्याला सांगितलंस, उघडं राहिलं म्हणून.”

“हो.”

“का?”

चिमटीने सगळं सांगितलं. तार, चाकू, लग, घुबड, साहेब. सासूबाई ऐकत राहिल्या. मुलगा असा नाही, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

“चष्म्याचं मला तेव्हाच कळलं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “म्हटलं, असेल काही.”

“तुम्ही तेव्हा बोलला असतात तर?”

“पोटचा आहे. कशी बोलणार?” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “आता तुला किती करायचंय अजून?”

“त्याने केलं तेवढंच.”

“आणि तेवढं झालं की नाही, ते कोण सांगणार? तूच ना?”

खालून मास्तरने हाक मारली, वर नळ बंद आहे का म्हणून. सासूबाई उठल्या, खिडकीत गेल्या आणि ओरडून म्हणाल्या, “बंद आहे रे बाळा.” पण त्यांनी मुलाला बाकी काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

त्या महिन्यात कारखान्याला मोठं काम होतं आणि मशीन अखंड चालू होतं. म्हणजे मास्तरला पाटीला हात लावता येत नव्हता. चालू मशीनच्या पॅनलमध्ये कुणी पेचकस घालत नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात, शिकवणारा तोच. तो पॅनलसमोर स्टूल टाकून बसायचा आणि बंद दाराकडे बघायचा. डोळ्यांखाली काळं आलं होतं. हात सारखे पॅन्टला पुसायचा.

त्या सकाळी चिमटी पॅनलच्या खोलीतला दिवा बदलायला आली. शिडी भिंतीला लावून वर चढली. खाली मास्तर एकटाच होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वर पाहिलं नाही, आणि पॅनलचं दार उघडलं. खिशातून पेचकस काढला. पलीकडे मशीन पूर्ण भारावर घोंघावत होतं.

तो वरच्या ओळीतला एकेक स्क्रू पेचकसाच्या टोकाने जेमतेम स्पर्श करून बघत होता. आवळत नव्हता, नुसता बघत होता. वरच्या ओळीत तसा धोका नव्हता; तिथले कॉन्टॅक्ट मशीन चालू होतानाच काय ते लागायचे, एरवी मेलेले. शेवटच्या स्क्रूपाशी येऊन तो थांबला. त्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. त्याने पेचकस खिशात घातला आणि दाराला हात लावला. झालं होतं त्याचं. त्या दिवसापुरतं त्याला बरं वाटलं होतं.

हातात दिवा धरून शिडीवरून चिमटी म्हणाली, “मास्तर, खालची ओळ पाहिलीत का?”

दचकून त्याने वर पाहिलं. तिला बघून त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

“का? काही दिसलं का तुला?”

“काही नाही. सहज विचारलं.”

खालच्या ओळीत बॅटरीची वीज सतत खेळती असते, आणि तिच्या शेजारीच धोका दिसला की मशीन बंद करणाऱ्या रिलेची तार. दोन स्क्रूंमध्ये करंगळीएवढंही अंतर नाही. हे त्या खोलीत दोघांनाही पाठ होतं. मास्तरने पेचकस पुन्हा काढला. हात पॅन्टला पुसला. तिला तेव्हाही बोलता आलं असतं. थांबा, एवढा एक शब्द. तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिला मागे उभं राहून सावकाश, सावकाश म्हणणारा तो आवाज ऐकू आला, आणि तिने तोंड मिटलं.

पेचकस घसरला. पांढरा उजेड झाला, काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला आणि लगेच मशीनचा आवाज बदलला, जड झाला, उतरू लागला. कारखान्यातले दिवे गेले. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिला मास्तर जमिनीवर बसलेला दिसला, उजवा हात छातीशी धरून. तो ओरडत नव्हता. हाताकडे बघत म्हणत होता, “बघितलंस? ढिलाच होता. मला वाटलंच होतं.”

भाजलेल्या त्या हाताची तीन बोटं वाकून तळव्याला चिकटली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. तो दवाखान्यात असताना मोठ्या साहेबांनी चिमटीला बोलावून घेतलं. जळलेली पाटी बदलायची होती, कागदाची खाती बंद पडली होती, दुसरं कुणी नव्हतं. तिने पाटी बदलली. तारा कापल्या, सोलल्या, लग दाबली, ओढून पाहिल्या. पॅनलच्या तळाशी काळा पडलेला पेचकस मिळाला तो तिने कचऱ्यात टाकला. पहिल्याच बटणाला काटा सरळ वर चढला. घुबडाने टाळी वाजवली, बाकीच्यांनीही. साहेब म्हणाले, पॅनलचा कारभार आजपासून तुझा, आणि मास्तरांचं वाईट झालं, पण डोक्याने गेलेला माणूस होता, आधीच बाजूला करायला हवं होतं. ती हो म्हणाली.

सासूबाई तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. स्वयंपाक करायच्या, तिचं ताट वाढून ठेवायच्या, निघून जायच्या. एकदाच, भांडी लावता लावता पाठमोऱ्या म्हणाल्या, “भरलं का माप?” चिमटीने आपलं ताट उचलून मोरीत ठेवलं.

मास्तर घरी बसून असायचा, खिडकीपाशी. तिला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल, आणि काही दिवस खरंच वाटलं. कारखान्यात लोक तिला बाई म्हणू लागले, चिमटी म्हणणारे दबकून म्हणायचे. पण घरी आल्यावर तो विचारायचा, आज पाण्याचं पिंप मी उघडं ठेवलं होतं का? ती नाही म्हणायची. तो मान हलवायचा, विश्वास न ठेवता. तिने सांगणं केव्हाच बंद केलं होतं, पण आता तिने सांगायची गरजच उरली नव्हती.

एका संध्याकाळी ती त्याला भरवत होती. डाव्या हाताने त्याला जमायचं, पण सांडायचं, म्हणून ती भरवायची. तिने चमचा ताटात ठेवला.

“तुला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “दारं उघडी नव्हती. गॅसही नाही, नळही नाही. मी खोटं सांगत होते. मुद्दाम.”

त्याने डाव्या हाताने चमचा तिच्याकडे सरकवला.

“आणि खालच्या ओळीचं मी मुद्दाम विचारलं. तू दार लावत होतास. मला माहीत होतं तू हात घालशील.”

ती थांबली. तो चिडेल, मारायला उठेल, रडेल. कशालाही तिची तयारी होती. त्याने आपला धड डावा हात तिच्या हातावर ठेवला.

“तू चांगली आहेस,” तो म्हणाला. “मला बरं वाटावं म्हणून बोलतेस.”

“नाही रे. खरं सांगते. तू माझी तार कापलीस म्हणून केलं. आठवतं ना? मशीन चालू करायच्या दिवशी सकाळी. चाकूने. घुबडाने पाहिलं होतं.”

त्याने आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. इतक्या महिन्यांत तिने त्याच्या तोंडून ही एकच गोष्ट ऐकायची बाकी ठेवली होती. केलं मी, एवढं. बाकी काही नको होतं.

“कापली असेन,” तो म्हणाला. “पॅनल उघडल्याचं आठवतं. पण तार कापली, की तुझीच सुटली होती आणि मी नुसती पाहिली, ते आता नक्की सांगता येत नाही. माझ्या हातून हल्ली काय होतं ते माझं मलाच कळत नाही ना. तू म्हणतेस तर कापली असेन.”

“मी म्हणते म्हणून नको. तुला आठवतंय का ते सांग.”

“तू म्हणतेस तर,” तो पुन्हा म्हणाला, तिची समजूत घालावी तसा, आणि तोंड उघडलं.

तिने चमचा भरला. चमचा कलला, थोडं त्याच्या सदऱ्यावर सांडलं. आतल्या खोलीतून सासूबाई फडकं घेऊन आल्या, मुलाची छाती पुसली, सुनेच्या हातातून चमचा काढून घेतला आणि तिला म्हणाल्या, “जा तू. मी भरवते.”

ती बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसली. आतून मास्तरचा आवाज आला, घराचं दार लावलंय का म्हणून. तिने उठून दार पाहिलं. लावलेलं होतं. तिने कडीला हात लावून हिसडा दिला, परत येऊन खुर्चीत बसली, आणि थोड्या वेळाने पुन्हा उठली.